केसपेपरवर न मावलेली भिंत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला मुलांच्या दम्यावरचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा जुन्या सवयीनं, हातात पेन घेऊन, चुका काढायला. एकही सापडली नाही. औषधांची माहिती चोख, पंपाबद्दलचे गैरसमज नीट खोडलेले. दुसऱ्यांदा वाचला तो मात्र परिचारिका म्हणून नव्हे, माझ्या वॉर्डात वर्षभर ये-जा करणाऱ्या एका आईच्या जागी बसून. आणि 'काय करावे, काय टाळावे' या चौकटीपाशी अडकले. घरात ओल येऊ देऊ नका. धूर होऊ देऊ नका. अंथरूण-पांघरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा. मुलाच्या मनावर ताण येऊ देऊ नका. तपासणीची तारीख चुकवू नका. ओल काय विचारून येते? त्या चौकटीत 'मातांनी' हा शब्द सहा वेळा आलाय, मी मोजला. 'वडिलांनी' एकदाही नाही. 'घरमालकांनी' तर नाहीच नाही.

मी ३४ वर्षं नोकरी केली, त्यातली २६ मुलांच्या वॉर्डात. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. हे पत्र लेखकाला नावं ठेवायला लिहीत नाहीये. अशी चौकट मी स्वतः हजारो वेळा तोंडी वाचून दाखवली आहे, डिस्चार्ज कार्ड हातात देताना, एका दमात, पुढच्या खाटेकडे बघत.

त्या आईचा मुलगा सहा वर्षांचा. एका वर्षात सात वेळा दाखल झाला, आणि बहुतेक वेळा मध्यरात्रीनंतर. एवढा मोठा मुलगा, पण ती त्याला कडेवर घेऊन जिना चढून यायची. पोट उडतंय, गळ्याखालचा खळगा आत ओढला जातोय, खांदे कानाला टेकलेले. दम्याच्या मुलाला आम्ही आधी नाव विचारतो. नाव कळावं म्हणून नाही, ते केसपेपरवर असतंच. एका श्वासात किती शब्द निघतात ते बघायचं असतं. याला इतक्या वेळा विचारलं होतं की तो नाव सांगायचाच नाही, थेट आकडे म्हणायला लागायचा. एक, दोन, तीन… श्वास. "आज तीनच," असं मग स्वतःच बोटांनी दाखवायचा. एकदा सातपर्यंत गेला तर माझ्याकडे बघून हसला होता, ऑक्सिजनच्या मास्कमधून.

ऑक्सिजन, नेब्युलायझर, स्टेरॉइड. तिसऱ्या दिवशी पोरगं या खाटेवरून त्या खाटेवर उड्या मारत असे. चौथ्या दिवशी घरी. आणि काही आठवड्यांनी पुन्हा कडेवर.

पाचव्या की सहाव्या खेपेला मी आईला विचारलं, रोजचा पंप देता का? तिनं पिशवीतून काढून दाखवला. हलवला, दाबला, फुस्स झालं. "देते सिस्टर, संपलेला नाही." मी हातात घेतला. त्यावरची तारीख आणि आमचं डिस्चार्ज कार्ड जुळवून बघितलं. डब्यात औषधाच्या २०० मात्रा असतात. सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन म्हटलं, तर ५० दिवसांत खेळ आटोपला. तिचा डबा तीन महिन्यांपूर्वीचा होता. औषध संपल्यावरही आतला वायू उरतो आणि दाबलं की फवारा येतो. हलवून कळत नाही, आवाजावरून कळत नाही. हा रोज घ्यायचा, झटका येऊ नये म्हणून घ्यायचा पंप. त्यानं लगेच काही वाटत नसतं, म्हणून मुलालाही कळत नाही की आपण नुसती हवा ओढतोय. मोजणीचा आकडा दाखवणारा पंप असतो, हा तसला नव्हता.

हे सगळं मला माहीत होतं. तिला ते सांगणं माझं काम होतं. ५० दिवसांचा हिशेब मी तिला कधीच करून दिला नव्हता. आणि तरीही त्या रात्री, सव्वादोनच्या सुमारास, मी नोंदवहीत लिहिलं: "पालक निष्काळजी. औषध नियमित देत नाहीत. तारखा चुकवतात."

संपादक महोदय, या पत्राचं खरं कारण ती ओळ आहे. शाईनं लिहिलेली ओळ वॉर्डात फार लांब जाते. सकाळी ड्युटी बदलताना ती मी तोंडीही सांगितली. सकाळच्या सिस्टरनं त्याच सुरात आईशी बोलायला सुरुवात केली. राउंडला डॉक्टरांनी फाइल उघडून तीच ओळ वाचली आणि चार विद्यार्थ्यांसमोर तिला विचारलं, "मुलाची काळजी आहे की नाही तुम्हाला?" तेव्हापासून ती खोटं बोलायला लागली. सगळ्याला "हो". पंप देता? हो. घरात धूर? नाही. ओल? नाही. ज्या बाईकडून आम्हाला खरं उत्तर हवं होतं, तिचं तोंड आम्हीच बंद करून ठेवलं.

आमच्याकडे सगळ्या रुग्णालयाला मिळून एकच वैद्यकीय समाजसेविका होती. हसतमुख, पायाला भिंगरी लावलेली बाई. सातव्या खेपेनंतर ती म्हणाली, मी त्यांच्या घरी जाऊन येते. माझी सुट्टी होती, मी तिच्याबरोबर गेले. कशाला, ते खरं सांगते: माझी ओळ बरोबर होती हे मला बघायचं होतं.

एक खोली. मुलाची खाट भिंतीला लावलेली, कारण दुसरी जागाच नव्हती. भिंतीच्या पलीकडे शेजाऱ्यांची मोरी. रंगाला फोड आलेले. मी नखानं एक फोड दाबला, तर तो फुटून ओलसर भुगा बोटाला लागला. जमिनीपासून वर चढत गेलेले काळे ठिपके, खाली दाट, वर विरळ, आणि बरोबर उशीच्या उंचीवर येऊन थांबलेले. वडिलांनी त्या भिंतीला तीनदा रंग दिला होता. घरमालकाचं म्हणणं, तुम्हीच खिडकी उघडत नाही, आतच वाफ होते. खिडकी उघडून बघितली. ती रस्त्यावर उघडत होती, वाहनांच्या बरोबर तोंडाशी. उघडली तर धूर, लावली तर बुरशी.

आई पहाटे कामाला जायची. मग सकाळचं औषध कोण देतं? खोलीच्या कोपऱ्यात अभ्यास करत बसलेली बहीण उठली. नऊ वर्षांची. तिनं पंप हलवला, टोपण काढून आत कचरा नाही ना ते बघितलं, स्पेसरला, म्हणजे पंप आणि तोंड यांच्या मधल्या प्लॅस्टिकच्या नळकांड्याला, बसवला, भावाच्या तोंडाला लावला, एकदा दाबला, आणि त्याचे श्वास बोटांवर मोजले. मग थोडं थांबून पंप पुन्हा हलवला, आणि दुसरा फवारा. आमच्या नर्सिंगच्या मुली परीक्षेत दोन्ही फवारे एकदम मारून मोकळ्या होतात. या पोरीला हे कोणी शिकवलं? मीच. आईला दाखवत असताना ती खाटेच्या पायथ्याशी उभी होती. मला तिचा चेहराही आठवत नव्हता.

भावाला औषध देऊन, आवरून ती रोज शाळेत उशिरा पोहोचायची. तिचं वजन किती, तिला झोप मिळते का, रात्री भाऊ धापत असताना ती काय करते, हे आमच्या कुठल्याच कागदावर नव्हतं. तिचा केसपेपरच नव्हता. ती आजारी नव्हती ना.

तारखा का चुकायच्या, तेही तिथंच कळलं. आमची दम्याची ओपीडी कामाच्या दिवशी सकाळी. ओपीडीत आलं की खाडा. खाडे जास्त झाले की काम जातं. रात्री झटका आला आणि रात्रीच आणलं, तर निदान पहिला खाडा वाचतो. म्हणजे ती तारखा विसरत नव्हती. ती हिशेब करत होती, आणि आमच्या हिशेबापेक्षा तो पक्का होता.

परत येताना आम्ही दोघी फारसं बोललो नाही.

निघण्याआधी आम्ही तिघींनी मिळून खाट समोरच्या भिंतीला सरकवली; त्यासाठी कपाट दाराशी आणावं लागलं आणि दार अर्धंच उघडू लागलं. समाजसेविकेनं रुग्णालयाच्या कागदावर घरमालकाला पत्रं पाठवली. दोन पत्रांना उत्तर नाही. तिसऱ्या पत्रावर विभागप्रमुखांची सही आणि शिक्का घेतला. चौथ्या महिन्यात मोरीचा नळ बदलला गेला. ओपीडीसाठी संध्याकाळची वेळ मिळवली, तीही नियम म्हणून नाही, एका डॉक्टरांच्या भलेपणावर. पुढच्या वर्षी मुलगा दोनदा दाखल झाला. भिंतीमुळेच फरक पडला असं मी छातीठोक सांगणार नाही. पंप वेळेवर बदलला जायला लागला होता, आणि काही मुलांचा दमा वाढत्या वयात आपोआपही सौम्य होतो. पण सात आणि दोन यांतला फरक त्या आईला विचारा.

हे एका वॉर्डाचं गाऱ्हाणं असतं तर आपल्या वाचकांचा वेळ घेतला नसता. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हा लक्षात आलं की ही भिंत सगळीकडे आहे. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचा एक मुलगा श्वसनाच्या आजारानं गेला. त्याच्या वडिलांनी घरातल्या बुरशीची तक्रार २०१७ पासून केली होती. त्यांना काय सांगण्यात आलं? वरून रंग मारा. २०२२ मध्ये चौकशी अधिकाऱ्यांनी निर्णय दिला की बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे मृत्यू झाला. त्या बाळाच्या नावानं ओळखला जाणारा कायदा झाला. सामाजिक घरांच्या मालक-संस्थांना ओल आणि बुरशीची तक्रार ठरावीक मुदतीत तपासून दुरुस्त करावी लागते. मी ते 'वरून रंग मारा' वाचलं आणि वर्तमानपत्र खाली ठेवलं. त्याच डिसेंबरमध्ये लंडनच्या एका नऊ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण असं अधिकृतपणे नोंदवलं गेलं. दम्यानं ती २०१३ मध्ये गेली होती, वर्दळीच्या रस्त्याजवळ राहत होती. तिथल्या दप्तरात असं पहिल्यांदाच घडलं. तिच्या आईला त्या एका ओळीसाठी झगडायला किती वर्षं लागली ते तारखांवरूनच दिसतं.

डॉक्टरांना हे नवं नाही. १८४८ मध्ये रुडॉल्फ व्हिरशॉ या २६ वर्षांच्या जर्मन डॉक्टरला प्रशियाच्या सरकारनं अप्पर सायलेशिया या पोलिश बोलणाऱ्या गरीब भागात टायफसची, म्हणजे उवांमुळे पसरणाऱ्या तापाची, साथ बघायला पाठवलं. त्यानं अहवालात औषधांपेक्षा शाळा, रस्ते आणि लोकांच्या स्वतःच्या भाषेतला कारभार मागितला. सरकारला तो आवडला नाही, हे सांगायला नकोच. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या मिसिसिपीमध्ये डॉ. जॅक गायगर यांच्या दवाखान्यात कुपोषित मुलांना चिठ्ठीवर अन्न लिहून देत. दुकानदार ते द्यायचा आणि बिल दवाखान्याच्या औषध खात्यावर पडायचं. वरच्या अधिकाऱ्यांनी हरकत घेतली, तर गायगर म्हणाले की पुस्तकात कुपोषणावर उपचार म्हणून अन्नच दिलंय. आणि १९९३ मध्ये बॉस्टनच्या बॅरी झुकरमन या बालरोगतज्ज्ञांनी तर रुग्णालयात वकीलच आणून बसवला. कारण सरळ होतं: बुरशीच्या घरात परत जाणाऱ्या मुलाचा दमा डॉक्टरच्या औषधानं हटेना, घरमालक मात्र वकिलाच्या पत्रानं हलतो. आमच्या समाजसेविकेला हे माहीत नव्हतं. तिनं विभागप्रमुखांचा शिक्का वापरला.

दम्यापुरतंच हे आहे असंही नाही. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये १९८० च्या दशकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर या संशोधक डॉक्टरांनी वाढ खुंटलेल्या १२९ बाळांचा अभ्यास केला. काही घरी दोन वर्षं दर आठवड्याला एक आरोग्यसेविका तासभर जायची, आणि आईला बाळाशी बोलायला, खेळायला शिकवायची. खेळणी घरातल्याच टाकाऊ वस्तूंची. वीस वर्षांनी शोध घेतला तेव्हा ज्यांच्याकडे ती बाई गेली होती, ती मुलं इतर खुंटलेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त कमावत होती. तासभर, आठवड्यातून एकदा. मला त्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट ही वाटते की कोणीतरी घरी गेलं. दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी मी आयुष्यभर वापरली. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर ११५ मिलिमीटरच्या आत आला की तीव्र कुपोषण. पट्टी किती कमी ते दाखवते, का कमी ते सांगत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मुलांच्या केसपेपरवर वजन-उंची-तापमानाच्या खाली थोडी जागा ठेवा. मूल झोपतं कुठे आणि त्या भिंतीला ओल आहे का. औषध कोणाच्या हातून दिलं जातं, आणि त्या हाताचं वय किती. आज इथं येण्यासाठी काय सोडून आलात. घरात आणखी कोण मूल आहे. घरी कोणाची भीती वाटते का, हेही विचारायला हवं, पण ते पडद्याआड, एकट्यानं, आणि ज्याला विचारता येतं त्यानंच. सगळ्या वॉर्डासमोर मोठ्यानं नाही. असे प्रश्न मी राउंडला ऐकलेत. उत्तर देणाऱ्या आईची मान खाली जाते तेवढंच.

एक धोका मात्र दिसतो. उत्तरांवर काही करायचंच नसेल तर विचारू नका. नाहीतर माझ्या "निष्काळजी" सारखाच नवा शिक्का तयार होईल, फक्त छापील. १९९८ मध्ये अमेरिकेत फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी हजारो प्रौढांना लहानपणीच्या मारहाणीबद्दल, घरातल्या व्यसनाबद्दल विचारलं आणि या गोष्टी जितक्या जास्त, तितके मोठेपणीचे हृदयविकारासारखे आजार जास्त, असं दाखवलं. फार मोलाचं काम. पण पुढे लोक एकेका मुलाला त्याचे गुण द्यायला लागले, सहा गुण, आठ गुण, आणि त्यावरून त्याचं भविष्य सांगायला लागले. शेवटी २०२० मध्ये खुद्द अँडा यांनाच लिहावं लागलं की हे आकडे एकट्या माणसाचं निदान करायला नाहीत. मुलाच्या फाइलवर आकडा चिकटला की सुटत नाही, हे मी शपथेवर सांगते.

तेव्हा प्रश्नाबरोबर माणूस हवा. दोनशे खाटांना एक समाजसेविका हा विनोद आहे. तिच्याकडे घरमालकाला लिहायचा कागद हवा, कामावरच्या साहेबांना दाखवायची चिठ्ठी देण्याचा अधिकार हवा, शाळेला फोन करायची मुभा हवी. आणि ओपीडी आठवड्यातून एक तरी संध्याकाळी हवी. याला यंत्र लागत नाही, ड्युटीचा तक्ता बदलावा लागतो. तक्ता बदलणं किती अवघड ते मला माहीत आहे, इनचार्ज असताना मीच लावत होते. पण अशक्य नाही.

आपल्या पुरवणीलाही एक विनंती. पुढची चौकट छापाल तेव्हा तिचे दोन भाग करा. एक आई-वडिलांसाठी, आणि एक आमच्यासाठी: दवाखाना, शाळा, घरमालक, कामाचे मालक. दुसरा भाग रिकामा जाईल असं वाटलं तर मला कळवा, मी लिहून देते.

ती ओळ पुढे मी खोडली नाही. वैद्यकीय नोंद खोडायची नसते. खाली तारीख घालून दुसरी नोंद केली: "गृहभेट झाली. वरील नोंद चुकीची. औषध बहीण देते, वय ९, पद्धत उत्तम." आणि सही.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
(नाव छापू नये, ही विनंती. त्या घराला ओळख लागायला नको.)

ता. क. लेखात स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवायला सांगितलंय, ते बरोबर. पण धुतल्यावर फडक्यानं पुसू नका, तसाच वाळू द्या. घासल्यानं प्लॅस्टिकमध्ये विजेचा भार तयार होतो आणि औषध छातीत जायच्या ऐवजी स्पेसरलाच चिकटतं. स्पेसर मिळतच नसेल तर अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची बाटली चालते, हे केपटाउनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये मुलांवर चाचणी घेऊन दाखवलंय. मात्र बुडाचं भोक पंपाच्या तोंडाच्याच आकाराचं हवं आणि फट राहता कामा नये, तेव्हा ते दवाखान्यातून करून घ्या. नवा पंप आणला की मात्रा भागिले रोजचे फवारे करून तो कधी संपेल ती तारीख लगेच लिहून ठेवा. डब्यावर पेन टिकत नाही, म्हणून आधी चिकटपट्टी लावा आणि तिच्यावर लिहा.